फॅन फिरत होता, तरी गाडी तापत होती

मालकाचं नाव, गाडीची कंपनी आणि आधी काम केलेली दोन्ही गॅरेजं मुद्दाम सांगत नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं आहे, माझी चूकसुद्धा.

पार्श्वभूमी

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला चार-पाच दिवस होते आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. नागपुरातल्या मानेवाड्याकडचे एक निवृत्त गृहस्थ सकाळी आठलाच गाडी घेऊन माझ्या दुकानासमोर उभे. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो: वायरिंग, सेल्फ, डायनामो, फॅन. त्यांना आपण काकाजी म्हणू. तसंही आमच्याकडे साठीपुढचा प्रत्येक ग्राहक काकाजीच असतो.

गाडी २००६ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, एक लाख बारा हजार किलोमीटर चाललेली. बॉडी स्वच्छ आणि सीटवर घरी शिवलेली कव्हरं. गाडी रोज निघे ती भाजीपाला, बँक आणि नातीची शाळा एवढ्यासाठी, म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या. या फेऱ्यांचा पुढे संबंध येतो.

या मॉडेलला रेडिएटरमागे, म्हणजे इंजिनचं तापलेलं पाणी वाऱ्यावर थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीमागे, दोन फॅन शेजारी शेजारी बसवलेले आहेत. एक रेडिएटरचा, तो इंजिनचं पाणी ठरावीक तापलं की रिलेमार्फत (विजेवर चालणारा स्विच) आपोआप लागतो. दुसरा एसीचा, तो एसी लावला की लागतो.

अडचण कशी वाढत गेली

मार्चमध्ये कॉटन मार्केटच्या गर्दीत पहिल्यांदा टेंपरेचरची सुई अर्ध्याच्या वर गेली. गर्दीतून बाहेर पडून गाडी जरा पळाली की सुई आपोआप खाली. काकाजींनी बाटलीत पाणी भरलं आणि विषय सोडून दिला.

खरं तर निदान तिथेच झालं होतं. उभ्या गाडीत सुई वर जाते आणि पळत्या गाडीत खाली येते, याचा अर्थ पळताना समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतोय आणि उभं असताना वारा ओढणारा फॅन काम करत नाही. उलट झालं असतं, म्हणजे शहरात ठीक आणि वर्धा रोडवर ऐंशीच्या स्पीडला तापते, तर मी आधी रेडिएटरचं चोकअप, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) पाहिला असता. "कधी तापते?" हा फुकटचा प्रश्न आहे, पण बोनेट उघडायच्या घाईत तो राहून जातो.

एप्रिलमध्ये मेडिकल चौकात सिग्नलवर बोनेटमधून वाफ निघाली. मोहल्ल्यातल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे आमच्या भाषेत वॉल, काढून टाकला. "नागपुरात कायले पाह्यजे वॉल, काकाजी? हे थंड्या मुलखातलं काम हाय." बोअरचं पाणी भरलं, सहाशे रुपये घेतले. पुढचे पंधरा-वीस दिवस गाडी अजिबात तापली नाही आणि सगळ्यांची खात्री पटली की रोग वॉलचाच होता.

तापली नाही याचं कारण वेगळं. वॉल नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो. चार किलोमीटरच्या फेरीत ते उकळण्यापर्यंत पोचण्याआधीच काकाजी घरी पोचत.

मेच्या सुरुवातीला सगळं घर कोराडीला देवीच्या दर्शनाला गेलं. परतताना मानकापूरच्या आसपास गाड्यांची रांग लागली, एसी चालू, गाडीत पाच माणसं. सुई लालमध्ये गेली. काकाजींनी गाडी कडेला घेतली आणि ओला टॉवेल टाकून रेडिएटरचं झाकण फिरवायला हात घातला, तेवढ्यात मागच्या ऑटोवाल्याने ओरडून थांबवलं. त्या ऑटोवाल्याचे आभार मानावे तेवढे थोडे. दाबाखालचं तापलेलं पाणी झाकण सुटताच तोंडावर येतं. अशा वेळी एसी बंद करायचा, काचा खाली घ्यायच्या आणि सुई लालकडे सरकताना दिसली तर हीटर पूर्ण लावायचा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता आत ओढून घेतो. चव्वेचाळीस डिग्रीत हीटर लावायला सांगितलं की लोक मला वेडा समजतात. सुई तरीही उतरली नाही तर इंजिन बंद आणि अर्धा-पाऊण तास थांबणं. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, वाकतं.

गाडी टो होऊन दुसऱ्या गॅरेजला गेली. तिथे बरोबर पकडलं की रेडिएटरचा फॅन फिरतच नाही. मोटर जाम होती आणि कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट, वितळलेला होता. कबाडीतून नऊशेची जुनी मोटर आणली, कपलर कापून वायरी सरळ जोडल्या, टेप मारला. मजुरी धरून एकोणीसशे. फॅन फिरला, चांगला आवाज करत फिरला.

आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापू लागली. आता तर रिंग रोडवर चाळीस-पन्नासच्या स्पीडलाही सुई खाली येईना. गॅरेजवाल्याचा निष्कर्ष: फॅन चालू आहे, वॉल काढलेला आहे, पाणी भरलेलं आहे, तरी तापते, म्हणजे हेड पॅकिंग (हेड आणि खालच्या इंजिनमधलं सील) गेलं. हेड उघडायचा खर्च चौदा ते सोळा हजार. त्या आकड्यावर काकाजी उठले आणि माझ्याकडे आले.

समोर असलेले पर्याय

काकाजींच्या डोक्यात तीन गोष्टी होत्या. पोराचं म्हणणं, गाडी विकून टाका. पण तापणाऱ्या गाडीला कोणी तीस हजारही देत नाही, म्हणून तो विचार मी फार ताणला नाही. दुसरा पर्याय हेड उघडण्याचा.

तिसरा पर्याय ते स्वतःच ठरवून आले होते: "भाऊ, फॅन डायरेक्ट करून द्या, चाबीवर. टॅक्सीवाले करतेत नं." डायरेक्ट फॅन, म्हणजे सेन्सर आणि रिले सोडून देऊन चावी फिरवली की फॅन सुरू. नागपुरात हा जुगाड शेकड्याने गाड्यांना केलेला आहे आणि उन्हाळ्यात तो कामही करतो, हे मी नाकारत नाही. पण रेडिएटरचा फॅन सुमारे दहा अँपिअर ओढतो. तेवढा करंट इग्निशन स्विचमधून, फ्यूज न लावता, बारीक वायरीने नेला तर आज ना उद्या प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. मोटर दिवसभर फिरून लवकर मरते. आणि डिसेंबरात, इथे रात्री दहा डिग्रीपर्यंत उतरतं तेव्हा, वॉल नाही आणि फॅन सतत चालू अशा गाडीचं इंजिन गरमच होत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि अॅव्हरेज पडतो. शिवाय फॅन तर आताही फिरतच होता. फिरून काही होत नव्हतं, मग डायरेक्ट करून काय होणार?

म्हणून मी चौथा मार्ग सुचवला: दोन दिवस काही बदलायचं नाही, फक्त तपासायचं. तपासणीचे पाचशे रुपये, काही सापडलं नाही तरी. काकाजींना हे पटायला वेळ लागला. पार्ट हातात पडला की पैसे दिल्यासारखे वाटतात, तपासणीचं तसं नसतं.

तपासणी

गाडी मी लगेच ठेवून घेतली नाही. एक दिवस जवळच फिरवा, सोबत पाण्याचा कॅन ठेवा, आणि सुई कुठे होती ते लिहून आणा, असं सांगितलं. सुई पाऊण वर गेली की तिथेच थांबायचं ही अट घातली. काकाजी सरकारी नोकरीत कारकून होते. दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारून तक्ता घेऊन आले: वेळ, ठिकाण, वेग, एसी, सुई. अक्षर असं की फाइलला लावावं. त्यात एक नोंद मला खटकली. एसी बंद असताना सुई पाऊण, एसी लावल्यावर दोन मिनिटांत त्याच्याही वर. एसीचा फॅन लागल्यावर वारा वाढायला हवा, किमान फरक इतका उलटा पडू नये.

हेड पॅकिंगचा निकाल आधी लावला, कारण तो खरा निघाला असता तर बाकी सगळं व्यर्थ होतं. सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडलं. पाणी गंजाने तांबूस झालेलं, पण तेलकट नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळं होतं, दुधाळ नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, पाण्यात बुडबुडे नाहीत. मग ब्लॉक टेस्टर लावला: त्यातलं निळं द्रावण रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढतं आणि सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर पिवळं पडतं. दोन-तीन मिनिटं निळंच राहिलं. पॅकिंग शाबूत होतं. चौदा हजारांचं काम वीस मिनिटांत यादीतून गेलं.

आता फॅन. इंजिन गरम होऊ दिलं, फॅन लागला. काकाजी म्हणाले, "फॅन तर फिरून राह्यला नं भाऊ!" फिरत होताच. मी टेबलावरच्या पेपरचं एक पान काढलं आणि जाळीसमोर, रेडिएटरच्या फॅनच्या बाजूला धरलं. फॅन मागून वारा ओढतो, म्हणून पान जाळीला चिकटायला हवं. पान माझ्या हाताकडे फडफडलं आणि मनगटाला गरम झोत लागला. मग एसी लावून पान दुसऱ्या बाजूला सरकवलं. तिथे ते चट्कन जाळीला चिकटलं.

फॅन उलटा फिरत होता.

डीसी मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते, आवाज तोच, दिसतं तेच. पाती वेगात असताना दिशा डोळ्याला कळत नाही. कपलर असता तर ही चूक होऊच शकली नसती, तो एकाच बाजूने बसतो. पण कपलर कापला गेला होता आणि दोन्ही वायरी जळून काळ्या झाल्या होत्या. म्हणजे पळत्या गाडीत वारा समोरून आत येत होता आणि हा फॅन त्याला बाहेर ढकलत होता, म्हणून रिंग रोडवरही सुई उतरेना. आणि एसी लावला की एक फॅन गरम हवा पुढे फेके, शेजारचा तीच आत ओढे. काकाजींच्या तक्त्यातली ती नोंद इथे जुळली.

वायरी बदलल्या, पान चिकटलं. पण ढिलं चिकटलं, एसीच्या बाजूसारखं नाही.

इथे थांबायचा मोह होता. माझ्या हाताखालच्या पोराने बोनेट पाडायला हातही घातला होता. मी मीटर आणला. फॅनची वायर काढून नुसतं मोजलं तर चौदा व्होल्ट, अगदी निरोगी. फॅन फिरत असताना मोजलं तर ९.६. हा फरक महत्त्वाचा आहे. मीटरला करंट लागत नाही म्हणण्याइतका कमी लागतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. फॅन दहा अँपिअर मागतो तेव्हा तोच जोड आडवा येतो. टेस्टर बल्ब लावून "करंट येतोय" म्हणणारे इथेच फसतात, मीही पूर्वी फसलो आहे.

त्याच वेळी बॅटरीवर १४.१ होते. साडेचार व्होल्ट कुठे गेले ते तुकड्या-तुकड्याने शोधलं: समोरच्या पत्र्यावरच्या गंजलेल्या अर्थ बोल्टवर (जिथून करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो) २.२, रिलेच्या जळालेल्या बेसमध्ये १.८, टेप मारलेल्या जोडात अर्धा. बेस बाहेर काढला तर एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. जुनी मोटर काकाजींनी डिकीत जपून ठेवली होती, तीही पाहिली. बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, इतका आवळलेला की पातं हाताने फिरवायला जोर लागे. जाम मोटर जास्त करंट ओढत गेली, त्या करंटने आधी कपलर आणि मग बेस भाजला. मोटर बदलली, पण भाजलेला रस्ता तसाच राहिला.

शेवटी झाकण. रबर कडक, स्प्रिंग ढिली. झाकणावर ०.९, म्हणजे किती बार दाब धरायचा तो आकडा, छापलेला होता, पण दाब ते धरतच नव्हतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९९ डिग्रीच्या आसपास उकळतं. या गाडीचा फॅन लागतो ९६-९७ला. म्हणजे साधं पाणी आणि मेलेलं झाकण असताना फॅन लागण्यात आणि पाणी उकळण्यात दोन-तीन डिग्रीचंच अंतर होतं. झाकण नीट दाब धरत असेल तर तेच साधं पाणी ११८च्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट (पाण्यात मिसळायचं रसायन) घातलं की आणखी वर. दोनशे रुपयांच्या झाकणाचा एवढा फरक आहे, आणि ते बदला असं कोणी सांगत नाही.

काय केलं

नवा रिले आणि बेस, फॅनला जाड वायर, फ्यूज, नवा कपलर. अर्थचा बोल्ट काढून पत्रा घासून चकचकीत केला, बसवल्यावर वरून ग्रीस. फॅनवर आता चालू स्थितीत १३.५ व्होल्ट. वॉल परत बसवला, ८२ डिग्रीचा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरसोबत बुडवून पाहिला, ऐंशीच्या थोडं पुढे जाऊन उघडायला लागला. काकाजींना तो प्रकार इतका आवडला की त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. झाकण नवं.

रेडिएटर धुतला तेव्हा बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार ट्रेमध्ये बसला. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी जड आहे, कूलरच्या जाळीवर जो थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. सांडलेलं कूलंट लगेच पुसलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि या दिवसांत गल्लीतली कुत्री-मांजरं प्रत्येक डबक्याला तोंड लावतात.

बिल तपासणी धरून तीन हजार सातशे पन्नास.

निकाल

दुपारी तीन वाजता, एसी लावून, मी आणि काकाजी मानेवाड्याहून कॉटन मार्केटपर्यंत गेलो. स्कॅनर लावलेला होता. गर्दीत वीस मिनिटं गाडी उभी चालू ठेवली. आकडा ९७वर गेला, फॅन लागला, ९२वर आला, फॅन बंद. पुन्हा ९७. घड्याळाच्या लंबकासारखं. काकाजी स्कॅनरकडेच बघत होते, मागचा हॉर्न वाजवत होता तरी.

नवतप्याचे नऊही दिवस गाडी तापली नाही. थोड्याच दिवसांत ते पुन्हा कोराडीला जाऊन आले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मेकॅनिकवर माझा फार राग नाही. त्याने वॉल काढला ती चूकच, पण जास्त महागात पडलं ते त्यानंतरचं समाधान. चार किलोमीटरच्या फेऱ्यांवरून "बरी झाली" असं ठरलं. तेव्हाच गाडी गॅरेजसमोर एसी लावून वीस मिनिटं उभी चालू ठेवली असती तर कोराडीची वेळ आली नसती.

दुसऱ्या गॅरेजने दुखणं बरोबर पकडलं होतं. कपलर कापताना वायरींवर खूण केली असती, किंवा नंतर पेपर धरला असता, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. दुरुस्तीनंतर लक्षण बदललं, आधी फक्त उभ्याने तापणारी गाडी पळतानाही तापू लागली, तेव्हा त्यांनी इंजिनकडे बोट दाखवलं. मी असतो तर आधी स्वतःच्याच हातचं काम उघडून पाहिलं असतं. असं म्हणायला सोपं आहे, गिऱ्हाईक समोर उभं असताना ते जड जातं.

आता माझी चूक. कबाडीतली ती मोटर मी तशीच ठेवली. चालू होती, करंटही ठीक ओढत होती, आणि काकाजींचे आधीच अडीच हजार गेले होते, म्हणून दया आली. ऑगस्टमध्ये तिचा बुश वाजायला लागला. पाऊस होता म्हणून निभावलं, नवी मोटर एकवीसशेला बसवली, मजुरी मी घेतली नाही. पहिल्यांदाच नवी घाला असं ठामपणे सांगायला हवं होतं; सांगून त्यांनी नको म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी.

आणखी एक काम अजून बाकी आहे. लेझर थर्मामीटरने पाहिलं तेव्हा रेडिएटरचा खालचा डावा कोपरा बाकीच्यापेक्षा बराच थंड होता, म्हणजे तिथल्या काही नळ्या क्षाराने बंद आहेत. धुतल्यावर तो पट्टा लहान झाला, गेला नाही. प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर आहे, जुन्या तांब्याच्या रेडिएटरसारखा उघडून सळई घालता येत नाही, बदलावाच लागेल. काकाजींना सांगितलं आहे. ते म्हणाले, "दिवाळी होऊन जाऊ द्या नं भाऊ, मंग पाहू." पत्रिकेच्या मागचा तक्ता मात्र त्यांनी चालू ठेवला आहे, आता त्याला वहीही केली आहे.